नेरळु मागितलं, नेरळे मिळालं

१२ मार्च, बुधवार

काल दुपारी माझी बायको रुक्मा स्वयंपाकघरात पडली. मी चार वाजता देवळाकडून आलो तेव्हा ती ओट्याच्या कडेला आडवी होती. शुद्ध होती, पण जीभ जड झालेली आणि अंगाला हात लावला तर तवा. बेळगावला दवाखान्यात नेलं, सलाईन लावली, आज घरी पाठवली.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घर कसलं आहे. मी सांगितलं, स्लॅबचं, चारच वर्षं झाली बांधून, वर-खाली मिळून पाच खोल्या. त्या म्हणाल्या, मग दुपारचं त्यांना त्या घरात ठेवू नका, पुन्हा असं झालं तर मी काही सांगू शकणार नाही. चिठ्ठीवर तसं लिहूनही दिलं. घर बांधण्यात माणसाचा जन्म जातो आणि ही कालची पोरगी म्हणते घरात ठेवू नका. संताप आला, पण दवाखान्यात तो कुणावर काढणार.

घरी आल्यावर आमची लेक पूर्णिमा सुरू झाली. ती बँकेत आहे, बेळगावात तिचा फ्लॅट आहे. आईला घेऊन जाते म्हणाली, कायमची. छत्तीस वर्षांच्या संसारानंतर बायको लेकीकडं पाठवून मी इथं एकट्यानं काय भिंती मोजायच्या? मी म्हटलं, दोन महिने दे, घर गार करून दाखवतो. नाही झालं तर ने. ती म्हणाली, मग स्लॅबवर चुना मारा, ओली पोती टाका. चुना फासून पांढरं करायला ही काय समाधी आहे? सावली करायची तर झाडाची. पश्चिमेच्या भिंतीला पूर्वी फणस होता. तो घर बांधताना काढावा लागला, गवंडी म्हणाला पाला गच्चीच्या पाईपात अडकतो. तो गवंडी आता फोनसुद्धा उचलत नाही.

रुक्माला विचारायचं राहूनच गेलं, एवढ्या गडबडीत वेळ कुणाला होता.

१७ मार्च

एकतीस वर्षं वीज खात्यात लाईनमन म्हणून काढली. रोज बिघाडाचं रजिस्टर भरायचो: वेळ, ठिकाण, कारण. कारण सापडलं नाही तर 'झाड' लिहायचं, साहेब सही करायचे. पावसाळ्याआधी कोयता घेऊन किती फांद्या उतरवल्या त्याला गणती नाही. त्यामुळं घराशेजारी कुठलं झाड चालतं हे मला कुणी शिकवू नये. वड-पिंपळ पाया उचलतात. गुलमोहर वाऱ्याला आडवा होतो. बदामाची चार पानं पाईपात बसली की निम्मी गच्ची तुंबते. कडुलिंबाला आमच्या बेळगुंदीचा पाऊस मानवत नाही. करंज चांगला. जांभूळ मात्र घराला लागून कधीच लावू नये, फांदी दिसायला भक्कम असते आणि वाऱ्याशिवाय मोडते, शिवाय खाली जांभळांचा नुसता चिखल.

आज वनखात्याच्या रोपवाटिकेतून जांभूळ घेऊन आलो.

कसं ते इथं लिहितो, दुसऱ्या कुणाला सांगायचं नाही. तिथला माणूस कानडी. आमच्याकडचे कानडी लोक सावलीला नेळ्ळू म्हणतात. पण सरकारी माणसाशी शुद्ध बोलावं म्हणून मी पुस्तकातला शब्द काढला, नेरळु. खात्याची कानडी परीक्षा पहिल्या फटक्यात पास झालेला माणूस मी. म्हटलं, 'नेरळु गिडा बेकु.' सावलीचं झाड पाहिजे. त्यानं ऐकलं नेरळे. नेरळे म्हणजे जांभूळ. आत गेला आणि छातीएवढं रोप आणून पुढं ठेवलं. मी विचारलं, घराला चांगलं ना? तो म्हणाला, पोरांना लई आवडतं.

पानं बघताच ओळखलं. तेवढ्यात मागं रांगेत उभे असलेले आमच्या गावचे जोतिराम आप्पा म्हणाले, 'काय रं रवळू, घराला जांभूळ?' तिथंच सांगायला पाहिजे होतं की चूक झाली. पण मग तो सरकारी माणूस म्हणणार तुम्हीच मागितलं, आणि आप्पा गावभर करणार, रवळूचं कानडी ऐका. मी म्हटलं, 'व्हय आप्पा, मुद्दाम जांभूळच पायजे हुतं.' रोप गाडीला बांधलं आणि वाटभर स्वतःला शिव्या घातल्या.

१८ मार्च

सकाळी पश्चिमेच्या भिंतीच्या मधोमध खड्डा काढून रोप लावलं. माती दाबत होतो तेवढ्यात पलीकडच्या अंगणातून अंबुबाई आली. ही माझा चुलतभाऊ भावकू याची बायको. भावकूला जाऊन सहा वर्षं झाली. तिचं घर अजून कौलारू, पुढं सारवलेलं अंगण. उन्हाळाभर त्या अंगणात ती नाचणीचे आणि उडदाचे पापड वाळवते आणि बेळगावच्या दुकानांना देते, त्यावर तिचं घर चालतं. माझा स्लॅब उभा राहिल्यापासून ती माझ्याशी बोलत नाही. कारण काय, तर माझ्या घराची सावली सकाळी तिच्या अंगणात पडते. आता घर काय काचेचं बांधायचं होतं?

आज चार वर्षांनी तोंड उघडलं. म्हणाली, 'भावजी, तुमच्या घरानं नऊ वाजंपर्यंतचं ऊन खाल्लं. ह्ये झाड वाढलं की अकरा वाजंपर्यंतचं खाईल. मग पापड मी काय चुलीवर वाळवू?'

मी सांगितलं, मी माझ्या जागेत लावतोय.

'जागा तुमची हाय. सावली माझ्या जागंत पडतीया. आन जांभूळ पापडावर पडलं की त्यो डाग जातोय व्हय?'

जांभळाला फळ धरायला आठ-दहा वर्षं लागतात, असं मी म्हटलं. तिनं विचारलं, मग सावली त्याच्या आधी धरते का. मी घमेलं आपटून आत आलो. काय बाई आहे, माझी बायको मरायला टेकली होती आणि हिला पापडांची पडली आहे.

२९ मार्च

खोलीतलं तापमान दाखवणारं यंत्र आणलं, स्वयंपाकघरात टांगलं. दुपारी बारालाच अडतीस. रोपाला सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन घागरी पाणी घालतो. शेंड्याला तांबूस पानं फुटलीत.

दुपारी नेहमीप्रमाणे रवळनाथाच्या देवळापुढं वडाखाली जाऊन पडलो. बारा ते चार तिथं पंधरा-वीस जण असतात. कट्टा गार, वारा येतो, झोप छान लागते. सेवानिवृत्त झाल्यापासून माझी ही जागा ठरलेली आहे. रुक्माला म्हटलं, तू पंखा लावून पड.

७ एप्रिल

रुक्माची तब्येत सुधारली. तोंडावर तकाकी आली, संध्याकाळी काम करताना गुणगुणते. काल पूर्णिमानं येऊन बीपी मोजलं, बरोबर निघालं. मी म्हटलं, बघितलंस, झाडानं फरक पडतोय. ती रोपाकडं बघत राहिली. मग आईकडं बघितलं आणि दोघी आत गेल्या.

पण यंत्र अजून एकोणचाळीस-चाळीस दाखवतं. माणूस सुधारतंय आणि यंत्र म्हणतं घर तापलंय, म्हणजे यंत्र खोटं. आज बेळगावला जाऊन दुकानदाराशी भांडलो. तो म्हणाला, यंत्र ठीक आहे, घर बघा. गिऱ्हाईकाला अशी उत्तरं देतात. शेवटी बदलून घेतलं. नवीन एक्केचाळीस दाखवतं.

संध्याकाळी रुक्माच्या कोपराला पीठ लागलेलं दिसलं. विचारलं तर म्हणाली, भाकरी केल्या. भाकरीचं पीठ उडदाचं कधीपासून झालं, असं मनात आलं, पण माझीच नजर आता धड नाही.

१२ एप्रिल

रोप मोडलं. शेंडा गुडघ्याच्या वर हातभर मोडून बाजूला ठेवलाय. वाऱ्यानं नाही, वाऱ्यानं मोडलं तर साल लोंबते. हे हातानं मोडलंय, आणि सावकाश. एकतीस वर्षं मोडक्या फांद्याच बघितल्या आहेत, मला कळतं.

अंबुबाईशिवाय दुसरं कोण? सकाळी अंगणात ती पापड पसरत होती, मी कुंपणावरून जे तोंडात येईल ते बोललो. भावकूचंही काढलं. ती पापड पसरत राहिली. चोराला उत्तर कुठून सुचणार.

रुक्मा म्हणाली, शेळी असेल. आमच्या गल्लीत शेळी कुणाकडं आहे? आज तिनं चहात साखर घातली नव्हती. मी तसाच प्यालो, डोकं ठिकाणावर होतं कुणाचं.

२० एप्रिल

पंचांकडं अर्ज दिला. रजिस्टरमध्ये लिहायचो तसाच लिहिला: वेळ, ठिकाण, कारण. कारण: द्वेष. जोतिराम आप्पा पंचांत आहेत. त्यांनी अर्ज दोनदा वाचला आणि म्हणाले, 'रवळू, घरात बोललास काय ह्याबद्दल?' मी म्हटलं, घरात काय बोलायचं, झाड घराबाहेर मोडलंय.

रुक्माला सांगितलं की पुढच्या रविवारी देवळात बैठक आहे. तिनं विचारलं, अर्ज माघारी घेता येतो का. मी उखडलो. हे सगळं चाललंय ते हिच्यासाठी. महिना उरला नाही, पूर्णिमा येऊन हिला घेऊन जाईल, आणि ही म्हणते अर्ज माघारी घ्या. मला इतकं बोलायला नको होतं. पण तीही जेवायला वाढताना ताट आपटते हल्ली.

रोपाला पाणी घालणं मी बंद केलंय. तरी बुंध्याची माती ओली असते. अंबुबाईचं सांडपाणी येत असणार, त्याचीही तक्रार करायला हवी.

२७ एप्रिल, रविवार

कसं लिहू? सरळ लिहितो.

देवळात सगळं गाव होतं. आप्पांनी अर्ज वाचला. अंबुबाई म्हणाली, 'रवळनाथाच्या पायाशी सांगते, त्या झाडाला मी हात लावलेला न्हाय.' मी उठून म्हटलं, मग कुणी लावला ते सांग. शेळीनं? भुतानं? चांगला आवाज चढवला होता मी.

बायकांत बसलेली रुक्मा उभी राहिली. म्हणाली, 'मी मोडलं.'

मला आधी कळलंच नाही की ही बोलते आहे. आप्पांनी विचारलं, का गं? ती आप्पांकडं न बघता माझ्याकडं बघून बोलली. छत्तीस वर्षांत ती माझ्याशी सलग एवढं बोलली नसेल.

'दवाखान्यातनं आल्यापासनं दुपारचं मी अंबुआक्काच्या घरात आसती. कौलाखाली गार आसतंय. पडती वाईच, मग चार पापड लाटती. ह्येनी बारा वाजता वडाखाली जात्यात. चार वर्सं मी त्या भट्टीत भाजली, एकदा तरी म्हटलं काय, तुझं कसं हुतंय म्हणून? जिच्या घरात मी जिती ऱ्हायली, तिच्या पापडाचं ऊन ह्येंचं झाड खानार. म्हणून मोडलं.'

आप्पा म्हणाले, 'घरात सांगायचं न्हाय काय, पोरी?'

'सांगून ऐकत आसते तर फणस उभा आसता.'

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, मी भांडलो असतो. आप्पांनी अर्जाची घडी घालून माझ्या हातात दिली. अंबुबाईनं रुक्माचा हात धरला आणि दोघी माझ्या पुढून चालत गेल्या.

वडाखाली बायका बसत नाहीत, तशी पद्धतच नाही. मग मी तिला कसं नेणार होतो? हे तिथंच सांगायला पाहिजे होतं, सुचलं नाही. आणि पूर्णिमाला हे माहीत होतं. सगळ्या गल्लीला माहीत होतं. मला सोडून सगळ्यांना.

२८ एप्रिल

वडाकडं गेलो नाही. तिथले सगळे काल देवळात होते. म्हटलं, आज घरातच बसतो, बघू तरी भट्टी-भट्टी म्हणतात ती किती आहे. रुक्मा साडेअकराला न लपवता पलीकडं गेली.

बारा: अडतीस. एक: चाळीस. पंख्याचा वारा अंगाला भाजतो. पाणी प्यालो, माठातलंही कोमट. दीड: पश्चिमेच्या भिंतीला पाठ टेकवत नाही. दोन: एक्केचाळीस, डोकं ठणकायला लागलं. गॅस पेटवलेला नाही, भाकऱ्या थापायच्या नाहीत, नुसतं बसायचं होतं. दोन वीसला उठलो तर डोळ्यांपुढं अंधार आला. दाराची चौकट धरून बाहेर पडलो.

बाहेर उन्हात उभा राहिलो तर बाहेर बरं वाटलं. पलीकडच्या घरातून लाटण्यांचा आवाज येत होता. आत जावं असं वाटलं नाही. म्हणजे वाटलं, पण कुठल्या तोंडानं?

यंत्र बरोबर होतं. रजिस्टर असतं तर कारणाच्या रकान्यात आज 'झाड' लिहिता आलं नसतं. स्वतःचाच एवढा राग यापूर्वी आला नव्हता, आणि तो कसा काढायचा याची मला सवय नाही. कुंपणाच्या दोन काठ्या मोडल्या, संध्याकाळी पुन्हा बांधल्या.

४ मे, रविवार

पूर्णिमा गाडी घेऊन आली. आईची बॅग भरायला लागली. म्हणाली, 'बाबा, आता काही बोलू नका, तुम्ही हरला.'

रुक्मानं बॅग काढून घेतली. फ्लॅटमध्ये मला करमायचं नाही म्हणाली, चौथ्या मजल्यावर बसून कुणाची तोंडं बघू. मला एकदम बरं वाटलं. दोन मिनिटं वाटलं. मग तिनं आपली वळकटी काढली, दोन लुगडी, गोळ्यांचा डबा, आणि पायरी उतरून अंबुबाईकडं निघाली. स्लॅब संध्याकाळी आतलं ऊन सोडायला लागतो, निजायलासुद्धा ते घर नको म्हणाली.

मी वाटेत आडवा आलो. म्हटलं, लोक काय म्हणतील? भिंतीपलीकडं बायको राहते म्हणून?

ती म्हणाली, 'लोकांनी मला पडलेली बघितली न्हाय. तुम्ही बघितलासा.'

मी बाजूला झालो. पूर्णिमा माझ्याकडं न बघता गाडीत बसली. जाताना खिडकीतून म्हणाली, स्लॅबवर चुना तरी मारा.

६ मे

चुना मारला. सकाळच्या वेळात एकट्यानं गच्चीभर दोन हात दिले. दुपारी यंत्र अडतीस. तीन अंश उतरले. मार्चमध्ये मारला असता तर. हे वाक्य पुरं करत नाही. घर वरून बोडकं दिसतं, पण वरून घर बघतो कोण?

९ मे

मोडलेल्या जांभळाला बुडापासून दोन कोंब फुटलेत. पाणी कोण घालत होतं ते आता विचारायला नको. ज्या हातानं मोडलं त्याच हातानं जगवलं, ही बाई मला आयुष्यभर कळली नाही.

झाड हलवायचं ठरवलं. घराच्या नैऋत्येला, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यावर, मी गाड्या लावायला काँक्रीटचा कोबा केलाय. गावात तसा कोबा दुसऱ्या कुणाकडं नाही. तिथं झाड आलं तर दुपारची सावली ओट्याच्या भिंतीवर पडेल आणि सकाळची गल्लीत जाईल, अंगणात नाही. फोडायचा म्हणजे जिवावर आलं होतं. सकाळी पहार घेतली.

पहिल्या घावाला अंबुबाई काठी घेऊन आली. म्हणाली, हितं नको, अजून चार हात गल्लीकडं. मी म्हटलं, चार हात सरकवलं तर माझ्या भिंतीला सावली कुठली? ती म्हणाली दोन हात तरी. काठी उभी करून तिची सावली दाखवायला लागली. मी म्हटलं, सकाळची सावली आणि दुपारची सावली तुला कळते का? ती म्हणाली, मला कळत न्हाय तर कुणाला, मी सावलीच्या मागंमागं पापड हलवत दिवस काढती. तासभर भांडलो. चार वर्षांत एवढा वेळ आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो.

रुक्मा अंबुबाईच्या उंबऱ्यातून ऐकत होती. शेवटी उतरून आली, विटेचा तुकडा घेतला आणि कोब्यावर रेघ मारली. दोघांच्या मधोमध. मी त्या रेघेवर पहार घातली.

दुपारपर्यंत खड्डा झाला. हाताला फोड आले. रोप मातीच्या गड्ड्यासकट उचलून लावलं, रुक्मानं घागर ओतली. अंबुबाई आत गेली तेवढ्यात मी विचारून घेतलं. म्हटलं, चुना मारलाय, तीन अंश उतरलेत, झाडही तू म्हणशील तिथं लावलं. आता घरी किती दिवसांनी येशील?

रुक्मानं घागर उचलून कमरेवर घेतली.

'झाडाला इचारा,' म्हणाली, आणि पलीकडं गेली.